मीठ बराबर

खानावळीत जुनी मंडळी जेवायला आली की अजून विचारतात, "काकी, त्या मोमोवाल्या बाई कुठं गेल्या?" माझं डोकं फिरतं. सात वर्षं तिनं ह्यांना भाकरी थापून घातली, ह्यांच्या डब्यात लोणच्याची फोड कधी विसरली नाही, आणि आठवण काय तर मोमो. नाव विचारलं तर एकालाही सांगता यायचं नाही. दोघं नेपाळी, नवऱ्याला सगळे बहादूर म्हणायचे म्हणून हिला कांची म्हणायचे, झालं. तिचं नाव फूलमाया. आडनाव लिंबू. पहिल्या दिवशी ते ऐकून मीही हसले होते. ती रागावली नाही. आमच्याकडं डोंगरात सगळं गावच लिंबू आहे, तिथं कुणी हसत नाही, एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला बसली.

तिचा नवरा मानबहादूर आमच्या मागच्या गल्लीतल्या हळदीच्या गोदामावर राखणीला होता. आधी दोघं वर्षभर पाचगणीला एका हॉटेलात होते, तिथून सांगलीत आले. मराठी ती मंडईतल्या बायकांकडून शिकली, त्यामुळं तोंडात आमी, तुमी, हाय, न्हाई. चेहरा हिमालयातला आणि बोलणं कवठेपिरानच्या माळणीचं. नवीन गिऱ्हाईक आधी चेहऱ्याकडं बघायचं, मग "आवं, बसा की, वाढते," असं ऐकलं की गार पडायचं.

माझ्या स्वयंपाकघरात एक नियम आहे, सासूबाईंनी घालून दिलेला. ज्यानं केलं त्यानं मीठ बघायचं नाही, दुसऱ्यानं बघायचं. आणि मीठ पडल्याशिवाय पातेल्यावर झाकण ठेवायचं नाही. फूलमायाला हा नियम फार पटला. मी आमटी केली की ती पळीनं एक थेंब डाव्या तळहातावर घ्यायची, चाटायची, वर पत्र्याकडं बघत क्षणभर थांबायची आणि म्हणायची, "मीठ बराबर." कमी असलं तर "आजून जरा." आणि जास्त झालं असलं तर काहीच बोलायची नाही. मुकाट्यानं एक बटाटा घेऊन सोलायला बसायची, आमटीत सोडायला. सात वर्षांत "काकी, खारट झालंय," असं तिनं मला एकदाही म्हटलं नाही. तिचा बटाटा दिसला की मी समजायचे आणि उगीच चिडायचे. ती हसायचीसुद्धा नाही, हे विशेष.

मोमोचं सांगते. बँकेतले दोघं-तिघं आणि इंजिनिअरिंगची पोरं तिच्या मागंच लागली, मोमो करा, मोमो करा. तिला येत नव्हते. हे कुणाला खरंच वाटेना. नेपाळी बाई आणि मोमो येत नाहीत? शेवटी तिनं दुसऱ्या एका वॉचमनच्या फोनवर बघून कोबीचे मोमो केले, झकास झाले, आणि तेव्हापासून ती मोमोवाली. मला मात्र तिनं भाजी निवडताना एकदा सगळं समजावून सांगितलं. मोमो शहरात, काठमांडूकडं. तिथल्या नेवार लोकांचं खाणं वेगळं, जेवणावळीला कोरडे पोहे मांडतात. मुस्तांगकडचे थकाली जिंबू नावाच्या वाळक्या पातीची फोडणी देतात. खाली सपाटीवरचे थारू गोगलगायी शिजवतात. आणि आमी लिंबू, पार पूर्वेचे, आमचं नाचणीचं ढिंडो, गुंद्रुक आणि किनेमा. "तुमी कोकणातल्या बाईला पुरणपोळी मागता का?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मागतो, का नाही मागत. तिनं कपाळावर हात मारला.

गुंद्रुकवरून आमचं पहिलं भांडण. मंडईत मुळेवाले पाला मोडून टाकतात, तो ही रोज पिशवी भरून आणायला लागली. दोन दिवस उन्हात मलूल करायचा, कुटायचा, बरणीत मुठीनं दाबदाबून भरायचा, तोंड बांधायचं आणि आठ-दहा दिवस विसरून जायचं. मग काढून पुन्हा कडकडीत वाळवायचा. बरणी उघडली त्या दिवशी मी नाकाला पदर लावून बरणीसकट तिला अंगणात काढलं. माझ्या घरात असला कुबट प्रकार चालणार नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी तिनं त्याच्या मूठभर पाल्याचं, टोमॅटो आणि लाल मिरची घालून, आंबट सार केलं आणि माझ्या भाकरीशेजारी वाटीत ठेवलं. मी दोन वाट्या प्यायले. तेव्हापासून बरणी फडताळात आली, माझ्या लोणच्यांच्या रांगेत.

आणि कारळं. माझा भाऊ वडूजला असतो, खटावात. तो दरवर्षी कारळं आणतो. ती पिशवी तिनं उघडली आणि तशीच खाली बसली, मला वाटलं चक्कर आली. दाणे तळहातावर घेऊन म्हणाली, हे आमचं फिलिंगे. तिच्या आईच्या वावराच्या कडेला हीच पिवळी फुलं. तिच्या आईची चटणी आणि माझी चटणी एकच निघाली, फक्त ती लसणाबरोबर टोमॅटो भाजून घालायची. मी सांगते, त्या दिवसापासून ती कामाला असलेली बाई राहिली नाही. माझी धाकटी बहीण असती तर अशीच असती, असं मला वाटायचं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. आमच्याकडं असलं बोलत नाहीत.

त्याच भावानं एका दसऱ्याला नवीन सोयाबीन आणलं होतं, कसं झालंय ते दाखवायला. फूलमाया दाणे हातात खेळवत विचारायला लागली की एवढं पिकवता तर खाता कसं? भाऊ म्हणाला, खात नाही, गिरणीला घालतो, तेलाला जातं. तिला ते पटेना. एवढी रानंच्या रानं, आणि घरात एक वाटी शिजत नाही? त्यांच्याकडं सोयाबीन शिजवून, जरा ठेचून, चिमूटभर राख लावून, पानात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवतात. दोन-तीन दिवसांत आंबतं. चमच्यानं उचललं की दाण्यादाण्यातून तार सुटते. त्याचं कालवण भाताबरोबर. तोच किनेमा. मी म्हटलं, बाई, गुंद्रुकपर्यंत ठीक आहे, हे माझ्या घरात नको. ती हसली आणि पुन्हा विषय काढला नाही. सात वर्षांत तिनं तो केला नाही. मी नको म्हटलं म्हणून केला नाही. हे आता आठवतं.

मानबहादूरला आधी खोकला होता. सगळे म्हणाले, हळदीची धूळ. मग घास अडकायला लागला. मग पाणी अडकायला लागलं. मिरजेच्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा अन्ननलिकेतली गाठ फार वाढलेली निघाली. पुण्याला नेलं, परत आणलं. शेवटी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, जे मागतील ते द्या, पातळ करून द्या. ते घर म्हणजे गोदामामागची पत्र्याची खोली. मी तिथं रोज जायचे. पेज, दूध, मुगाचं पाणी, शहाळं, काय काय नेलं. तो हात जोडायचा आणि मान हलवायचा. हाताची नुसती काटकी झाली होती. फूलमाया चमचा घेऊन तासतासभर बसायची आणि एक घोट गेला की माझ्याकडं अशी बघायची, जसं काही तो बराच झाला.

त्याचा आवाज बसला होता. एका रविवारी सकाळी त्यानं तिला जवळ बोलावलं आणि कानात काहीतरी सांगितलं. ती तशीच धावत माझ्याकडं आली. सात वर्षांत मी तिला धावताना बघितलं नव्हतं.

"काकी, त्यांनी मागितलं. किनेमाचा रस्सा मागितला. खातो म्हणाले."

मी नको म्हणणार होते का आता? वडूजचं सोयाबीन फडताळात होतंच. राख बंबातली. माझ्या परसात केळ आहे, मी पान कापायला निघाले तर तिनं अडवलं. केळीचं चालतं, पण त्याच्या आईकडं नेच्याच्या पानात करायचे, त्याला तो वास पाहिजे. सांगलीत नेचा कुठून येणार? पाचगणीला असताना तिनं वाईच्या वर, पसरणीच्या घाटात पाहिला होता. पाऊस नुकताच सरलेला, अजून हिरवा असेल म्हणाली. मी पुष्कळ समजावलं. इतक्या लांब जाऊन पानं आणायची ही काय वेळ आहे? ती म्हणाली, "एकदाच करायचाय काकी. नीट करते."

रात्रभर सोयाबीन भिजलं. सोमवारी पहाटेच्या एसटीनं ती साताऱ्याला, तिथून वाईला गेली. मानबहादूरजवळ गोदामातला एक हमाल बसला. आणि मला ती सांगून गेली, "काकी, मी येस्तोवर मऊ शिजवून ठेवा, बोटानं दाबला की दाणा फुटला पायजे." एवढंच. मीठ घालू नका असं ती म्हणाली नाही. तिला ते सांगावंसं वाटलंच नसणार. आंबवायच्या दाण्यात कुणी आधी मीठ घालतं का? आणि मला ते विचारावंसं वाटलं नाही. आमच्या घरात कडधान्य शिजतंय आणि त्यात मीठ नाही, असं कुणी कधी ऐकलंय?

दुपारी दाणे मऊ झाले. मी एक दाणा तोंडात टाकला. सपक. दुसऱ्यानं बघायचं मीठ, मीच ती दुसरी. डब्यातलं खडेमीठ मूठभर घेतलं, उसळीला घालते तसं, टाकलं, हलवलं, झाकण ठेवलं. फार समाधान वाटलं. तिचं काहीतरी चुकलं होतं ते मी सावरलं, असंच वाटलं. खोटं कशाला बोलू.

दिवेलागणीला ती आली. ओल्या फडक्यात नेच्याची पानं, पाय खरचटलेले, दिवसभर पोटात काही नाही. दाणे निथळून घेतले, हलक्या हातानं ठेचले, राख लावली. चाखले नाहीत. आंबायला घालायच्या आधी तोंड लावायचं नाही म्हणे त्यांच्यात, आपल्याकडं नैवेद्याला लावत नाही तसं. बांबूच्या बुट्टीत पानं अंथरली, दाणे भरले, वरून पानं, वर गोणपाट, आणि बुट्टी बंबाशेजारी. मग दोन्ही हात टेकून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली.

मंगळवारी ती खुशीत होती. मानबहादूरला सांगून आली होती की लावलाय, गुरुवारी देते. तो म्हणे डोळ्यांनी हसला. पीठ चाळता चाळता ती आईच्या गोष्टी सांगत होती. लहान असताना हिनं खेळता खेळता आईच्या किनेमाच्या दाण्यांवर मिठाची मूठ टाकली होती. आईनं चुलीतलं लाकूड घेऊन मारलं. सगळं वाया गेलं. आधी मीठ पडलं की तार सुटत नाही, कुजतं नुसतं. मीठ शेवटी, कालवणात.

माझ्या हातात कोयता होता, नारळ फोडत होते. तो मी खाली ठेवला.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मंगळवार सकाळ होती. सोयाबीन फडताळात होतं, पानं उरलेली होती. त्या दिवशी पुन्हा शिजवून लावलं असतं तर शुक्रवारी तयार झालं असतं. हा हिशेब मी नंतर इतक्या वेळा केला आहे की आता तो झोपेतही सांगेन. पण तिचं तोंड इतकं हसरं होतं. आणि मी माझ्या मनाशी म्हटलं, मूठ काही फार नव्हती. तिनं लहानपणी जास्त टाकलं असेल. सुटेल तार. काकी म्हणून सगळ्या गल्लीला दटावणारी मी, एका बाईला "माझ्या हातून चूक झाली" एवढं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. ती बुट्टीला हात लावून ऊब बघायची आणि मी दुसरीकडं बघायचे. दोन दिवस मी हेच केलं.

गुरुवारी सकाळी तिनं गोणपाट काढलं. पानं उचलली. मी मागं उभी होते. आंबूस, ओलसर वास आला, वर कुठं कुठं काळी बुरशी. तिनं चमचा घातला, उचलला. दाणे सुटे सुटे पडले. पुन्हा उचलला, दुसऱ्या कडेनं. पुन्हा. तार नव्हती. मग तिनं मधला एक दाणा घेतला आणि तोंडात टाकला. चावला नाही, धरून ठेवला. वर पत्र्याकडं बघत थांबली, मीठ बघताना थांबायची तशी.

मी म्हटलं, "काय झालं गं?"

"माझा हात गेला, काकी," ती म्हणाली.

मग तिनं फडताळातून उरलेलं सोयाबीन काढलं आणि भिजत घातलं. कुणाला काही विचारलं नाही. दुपारी स्वतः चुलीपुढं बसून शिजवलं, एका क्षणासाठी उठली नाही. उरलेल्या नेच्यात बांधलं. मानबहादूरला काय सांगितलं कुणास ठाऊक. मी संध्याकाळी गेले तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून पडला होता आणि ती त्याचे तळपाय चोळत होती. शनिवारी पहाटे तो गेला. दुसरी बुट्टी तेव्हा बंबाशेजारीच होती.

त्यांच्यात माती देतात, पण सांगलीत कुणाच्या जागेत देणार? कृष्णेकाठी दहन केलं. सांगली-मिरजेतले सगळे नेपाळी राखणदार आले, पण त्यांतला एकही लिंबू नव्हता. एक मगर जातीचा होता, बाकीचे पश्चिमेकडचे छेत्री. ह्यांचे विधी त्यांनाही माहीत नव्हते. ती सगळं स्वतःच आठवून आठवून करत होती. चार दिवस मीठ नाही, तेल नाही. मी तिला कोरडा भात आणि बिनमिठाचं पाणीदार वरण न्यायचे. माझ्या हातानं मीठ न घालता झाकण ठेवायचे. तेवढं मला त्या आठवड्यात शिकायला मिळालं.

चौथ्या दिवशी ती आंघोळ करून स्वयंपाकघरात आली. बंबाशेजारची बुट्टी उघडली. वास आला तो आधीच्यासारखा नव्हता, उग्र आणि गोडसर होता. चमचा उचलला तर दाण्यादाण्यातून पांढऱ्या बारीक तारा ओढल्या गेल्या, हातभर. ती बघत बसली. मला वाटलं आता तरी रडेल. हात गेला नव्हता, हे आता दोघींनाही दिसत होतं. मी बंबात लाकूड सारायला वळले.

तिनं त्याचं कालवण केलं. टोमॅटो, मिरची, आलं. एक वाटी त्याच्या नावानं पत्र्याच्या खोलीच्या दारात ठेवून आली. मग स्वतःचं ताट घेऊन माझ्यासमोर बसली. गावाकडं चार माणसं बसून विधवेला मीठ मोकळं करून देतात म्हणाली. आपल्या हातानं घ्यायचं नसतं. "हितं माझं कोण हाय? तुमी द्या."

तो मिठाचा डबा तोच होता. माझी चिमूट तिच्या ताटात कमी आणि पाटावर जास्त सांडली. तिनं कालवलं, एक घास खाल्ला, चावला, गिळला.

"मीठ बराबर," ती म्हणाली. मग सगळं ताट संपवलं.

पंधरा दिवसांनी ती गावाला जायला निघाली, कायमची. मिरज स्टेशनवर मी पोचवायला गेले. बरोबर भाकऱ्या, कारळ्याची चटणी, टोमॅटो भाजून घातलेली. डब्यात तिला खिडकीशी जागा मिळाली. बाहेरून मी तेच ते बोलत होते, पाणी जपून पी, पिशवी पायाशी ठेव, पोचलीस की कुणाच्या तरी फोनवरून कळव. खरं बोलायचं होतं ते राहिलंच होतं. गाडीनं शिट्टी दिली तेव्हा मी म्हटलं, "फूलमाया, ते त्या सोमवारी मी..."

तिनं खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि माझा हात धरला.

"काकी, पुढच्या टायमाला मीठ शेवटी घाला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. स्वयंपाकघरात मी नव्या बायकांना सांगते तशी ती मला सांगत होती. गुरुवारी दाणा तोंडात धरून पत्र्याकडं बघत होती, तेव्हाच तिला कळलं होतं. तरी "माझा हात गेला" म्हणाली. आणि तरी मीठ माझ्याच हातून घेतलं.

गाडी हलली. माझा हात सुटला, तिचा तसाच बाहेर राहिला, तळहात वर, आमटीचा थेंब घ्यायला धरायची तसा. मी गाडीबरोबर चार पावलं चालले. त्या तळहातावर ठेवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.